वायूच्या गर्दीचा हिशेब

अणूचे केंद्रक तपासायचे, तर ते ठेवायचे कशात? भांड्याच्या भिंतीला टेकले, की प्रयोगच संपला. या अडचणीवर जर्मनीतील वोल्फगांग पाउल यांनी १९५०च्या दशकात तोडगा काढला. अणूतला एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला, की तो अणू विद्युतभारित होतो. त्याला आपण आयन म्हणतो. सतत दिशा बदलणाऱ्या विद्युतक्षेत्रात असा आयन अधांतरी धरून ठेवता येतो, हे पाउल यांनी दाखवले. हान्स डेमेल्ट यांनी चुंबकीय क्षेत्र वापरणारा दुसरा सापळा विकसित केला. १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळून देण्यात आला.

सापळा तर तयार झाला; पण सावज फार वेगाने येत होते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘आयसोल्डे’ या केंद्रावर १९६७ पासून अल्पायुषी अणुकेंद्रके तयार केली जातात. तिथून सापळ्याकडे निघणाऱ्या आयनांची ऊर्जा ६० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत असते. विरोधी विद्युतक्षेत्राने त्यांचा बराचसा वेग उतरवता येतो. पण उरलेली सैरावैरा धावपळ शमवायला वायू लागतो. हेलियमच्या अणूंवर आपटत आपटत आयन आपली ऊर्जा गमावतो आणि अखेर शांत होतो. १९६८ साली मेजर आणि डेमेल्ट यांनी यातला एक महत्त्वाचा नियम मांडला. पाउल यांच्या सापळ्यात आयन वायूच्या कणापेक्षा जड असेल, तरच तो थंड होतो. हलका असेल, तर उलट अधिकच तापतो.

इथेच खरा पेच पडतो. आयनाला शांत करायला वायू हवा. पण अचूक मोजमापासाठी जवळजवळ निर्वात पोकळी हवी. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात, काही हातांच्या अंतरावर. वायू कमी पडला, तर आयन निसटतो. जास्त झाला, तर पुढच्या दालनात झिरपून मोजमाप बिघडवतो. आणि उशीर करून चालत नाही, कारण काही केंद्रकांचे अर्धायुष्य सेकंदाच्या काही हजारांश भागांचेच असते. म्हणून वायू कुठे किती असेल, याचा अंदाज यंत्र बनवण्याआधीच घ्यावा लागतो.

हा अंदाज सोपा नाही. आपल्या भोवतालच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आदळण्यापूर्वी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही प्रवास करत नाही. त्यामुळे हवा नदीच्या पाण्यासारखी अखंड मानता येते. पण आयन शांत करणाऱ्या नळीतला दाब वातावरणाच्या साधारण एक लक्षांश असतो. तिथे हेलियमचा अणू दीड-दोन सेंटिमीटर बिनधक्क्याचा जातो, आणि नळीची रुंदीही जवळपास तेवढीच! हा वायू धड प्रवाह नाही, धड सुटे कण नाहीत. डेन्मार्कचे मार्टिन क्नुडसेन यांनी १९०९ साली नळ्यांमधून विरळ वायू सोडून हे वागणे मोजले होते. त्याचे समीकरण तर बोल्ट्झमन यांनी १८७२ मध्येच लिहून ठेवले होते. पण खऱ्याखुऱ्या यंत्रासाठी ते कागदावर सोडवणे जवळपास अशक्य होते.

वाट काढली ती विमानविद्येतल्या माणसाने. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅमी बर्ड यांनी १९६३ साली संगणकाला समीकरण सोडवायला लावण्याऐवजी वायूच ‘खेळायला’ लावला. विसर्जनाच्या मिरवणुकीचा अंदाज घेताना आपण प्रत्येक माणूस मोजत नाही. शंभरांमागे एक धरतो. तसाच बर्ड यांचा एकेक नकली रेणू असंख्य खऱ्या रेणूंचा प्रतिनिधी असतो. जागेचे छोटे चौकोन पाडायचे, रेणू क्षणभर पुढे सरकवायचे, मग प्रत्येक चौकोनातल्या काही जोड्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी टक्कर घडवायची. असे लाखो वेळा. ही रीत बोल्ट्झमनच्याच समीकरणाकडे पोहोचते, याची काटेकोर गणिती सिद्धता १९९२ साली वोल्फगांग वाग्नर यांनी दिली. तोवर जवळजवळ तीस वर्षे ती उपयोगाच्या बळावर चालली. अवकाशयानांसाठी वापरली जाणारी हीच रीत आयनांच्या नळ्यांनाही लागू पडते. आधी वायूचा नकाशा काढायचा, मग त्यातून आयन सोडून पाहायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? फ्रान्समधल्या काँ शहरातला प्रयोग पाहा. तिथे हेलियम-६ हे केंद्रक सापळ्यात धरले गेले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ०.८ सेकंद. ते फुटते तेव्हा इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रिनो हाती लागत नाही. म्हणून मागे उरलेल्या लिथियमला बसलेला धक्का मोजायचा. त्यावरून निसर्गातल्या क्षीण बलाचे स्वरूप पारखता येते. इथे शांत करायला नेहमीचे हेलियम चालत नाही. ते या आयनाहून फारसे हलके नाही, शिवाय हेलियमचा आयन आपला विद्युतभार भोवतालच्या हेलियमला सहज देऊन टाकतो. म्हणून हायड्रोजन वापरला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रस्थापित सिद्धांताशी जुळला.

पण समजा, तो जुळला नसता तर? मग पहिला प्रश्न हाच विचारला गेला असता, की हा धक्का नव्या भौतिकशास्त्राचा, की वाटेत भेटलेल्या एखाद्या भटक्या रेणूचा? वायूचा हिशेब आधीच चोख असेल, तरच या प्रश्नाला उत्तर देता येते. निसर्गाविषयी मोठे विधान करण्याचा अधिकार असा नळीतल्या विरळ वायूची मोजदाद करून मिळवावा लागतो.