पत्र्यावरचा पोचा : एका दुरुस्तीची कुळकथा

धातूच्या पातळ पत्र्यात पडलेला पोचा काढण्याची विद्या मोटारीच्या जन्मापेक्षा फार जुनी असून तिचे मूळ भांडी घडवणाऱ्या कारागिरांकडे आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, त्यात तांब्याचे भांडे लोखंडी आधारावर ठेवून त्यावर गुळगुळीत हातोडीचे लगतलगत ठोके दिले जातात, आणि त्यामुळे पत्रा एकसारखा होतो तसाच कणखरही होतो. गॅरेजमधला डेंटर तत्त्वतः हेच करतो. पत्र्याच्या आतल्या बाजूने तो डॉली, म्हणजे हातात मावणारा पोलादी ठोकळा, टेकवून धरतो आणि बाहेरून हातोडीने ठोकत उंचसखलपणा मोडतो.

ही विद्या मोटारीला लागू पडण्यासाठी आधी मोटारीचे अंग पोलादी व्हावे लागले. आरंभीच्या मोटारींचे अंग घोडागाड्या बांधणाऱ्यांच्या रीतीने लाकडी सांगाड्यावर उभारलेले असे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने पोलादी पत्रा साच्यात दाबून अंगे घडवायला घेतली आणि डॉज बंधूंच्या पहिल्या मोटारींना ती बसली. साच्यात दाबलेल्या पत्र्याला जो आकार मिळतो, तो टिकवून धरण्याची ओढही त्याच्यात असते. पोचा काढणाऱ्याचे निम्मे काम ही ओढच करते, म्हणून तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे.

हातोडीने जे साधत नसे ते शिशाने साधले जाई. सुमारे सत्तर टक्के शिसे आणि तीस टक्के कथील यांचा मिश्रधातू या कामी पसंत केला जात असे, कारण तो एकदम वितळत नाही; साधारण १८३ ते २५५ अंश सेल्सियस या टप्प्यात तो लोण्यासारखा मऊ राहतो आणि तेवढ्या अवधीत लाकडी थापीने, तिला चरबी किंवा मेण लावून, उभ्या पत्र्यावरही पसरता येतो. त्यानंतर कानशीने घासून त्याला आकार दिला जाई. हे काम अतिशय देखणे आणि टिकाऊ होत असले, तरी ज्योतीवर हुकमत नसणाऱ्याचे ते नव्हते. उष्णता जरा जास्त झाली की पत्रा वाकडा होई, आणि घासताना उडणारी शिशाची पूड विषारी असे. घरच्या अंगणात ते पोहोचले नाही याचे कारण हेच.

अंगणात पोहोचली ती लांबी, म्हणजे खड्डा बुजवण्याचे भरण. मायामी येथे गॅरेज चालवणारे मर्टन स्पिंक यांनी १९५५ च्या सुमारास टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्याची, पूड आणि प्लॅस्टिक यांपासून ‘बाँडो’ नावाचे भरण तयार केले. आजच्या अशा भरणात पॉलिएस्टर राळ असते आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हा घट्टकारक मिसळताच ती काही मिनिटांत दगडासारखी कठीण होते. ज्योत नाही, शिसे नाही, केवळ पट्टी आणि पॉलिश पेपर पुरेसा. त्यामुळे सामान्य मोटारमालक प्रथमच ही दुरुस्ती स्वतः करू लागला. ही सोय मोठी होती, पण तिने एक वाईट सवयही लावली : पत्रा न उचलता खड्डाच बुजवण्याची.

पत्रा उचलण्याची जुनी परंपरा रंगाला धक्का न लावणाऱ्या दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा पुढे आली. मर्सिडीज-बेंझचे कर्मचारी ओस्कार फ्लाइग यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हातोडीच्या दांड्याने आतून दाब देऊन पोचा काढला आणि रंग पुन्हा द्यावा लागला नाही, अशी हकिकत या व्यवसायात सांगितली जाते. तिचे महत्त्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की आतून दाबण्याची युक्ती तांबटांना ठाऊकच होती, आणि नवे होते ते रंगाचे वागणे. १९२० च्या दशकात मोटारींवर आलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग ठिसूळ असे, तर नंतरचे भट्टीत पक्के केलेले रंग पत्र्याबरोबर थोडेफार वाकू शकतात. वाकड्या सळया आतून घालून किंवा बाहेरून गोंदाने चिकटवलेली गुंडी ओढून पत्रा कणाकणाने वर आणण्याचे हे तंत्र गारपिटीने पडलेल्या उथळ पोच्यांसाठी विशेष उपयोगी ठरले.

घरी वापरला जाणारा रबरी शोषक याच घराण्यातला होय. मोठ्या, उथळ पोच्यात बहुतेक पत्रा फक्त दबलेला असतो, ताणला गेलेला नसतो, आणि कडेचा बाक सुटताच तो स्वतःच्या ओढीने परत येतो. टोकदार घडीत मात्र पत्रा कायमचा ताणला जाऊन कठीण झालेला असतो, आणि तेथे शोषक निष्फळ ठरतो. पत्रा तापवून त्यावर कोरडा बर्फ लावण्याचा प्रचलित उपायही बेभरवशाचा आहे, कारण तापमान शंभर अंशांनी बदलले तरी एक मीटर पोलाद जेमतेम १.२ मिलिमीटर आखडते.

महाराष्ट्रातल्या गॅरेजांत डेंटिंग आणि पेंटिंग ही कामे जोडीने चालतात, आणि चांगला डेंटर आजही आधी पत्रा ठोकून शक्य तितका सपाट करतो व उरलेल्या खाचेपुरतीच लांबी भरतो. घरी हे काम करणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. लांबी भरल्यानंतर त्या जागी हातोडी चालवली की ती तडकते, आणि मग ती सगळी खरवडून पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.