हनुसंधान : सुश्रुतापासून बांबोळीपर्यंत

मनुष्याची ओळख मुखावरून पटते. म्हणूनच कायद्यानेही मुखाची हानी साध्या इजेत गणलेली नाही. भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमाने चेहऱ्याची कायमची विद्रूपता 'जबर दुखापत' ठरविली होती. २०२४ साली अमलात आलेल्या न्यायसंहितेच्या ११६ व्या कलमानेही ती तशीच मानली आहे. परंतु खेळताना पडलेल्या मुलाच्या बाबतीत आरोपी कोणीच नसतो. दाद मागावयाची ती शस्त्रवैद्याकडेच.

ही विद्या आपणांस परकी नव्हे. जबड्याचा सांधा निखळल्यास अस्थी जागी आणून, शेक देऊन पंचांगी बंध बांधावा, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. तुटलेले नाक, कान व ओठ सांधण्याचा विधीही त्या ग्रंथात आहे. ही परंपरा पोथीतच राहिली नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्यानजीकच्या वीटकर जातीच्या एका वैद्याने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसविले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ते वृत्त सचित्र छापले, आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू याने तीच रीत तेथे अवलंबिली.

तथापि त्वचा सांधणे निराळे आणि वाढत्या हाडास वळण लावणे निराळे. मूल हनुवटीवर आपटते, टाके पडतात, जखम भरते; कानापुढील सांध्याचे मोडलेले टोक मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. पुढे सांधा जखडला की तोंड उघडेनासे होते, त्या बाजूची वाढ खुंटते व हनुवटी तिकडेच कलते. तेव्हा सांधा मोकळा करून, प्रसंगी बरगडीचा कूर्चायुक्त तुकडा बसवितात. वाढ पुरी झाल्यावर जबडा चिरून सरळ करण्याची रीत ट्राउनर व ओब्वेगेझर यांनी १९५७ साली इंग्रजीत मांडली. हाड हळूहळू ताणून वाढविण्याचे जबड्यावरील प्रयोग मॅकार्थी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले.

पणजीस वैद्यकीय विद्यालय १८४२ साली निघाले. परंतु पेडण्याच्या माणसास तेथवर पोहोचण्यास शापोरा व मांडवी या दोन नद्या ओलांडाव्या लागत. आज पूल आहेत, आणि १९८० साली स्थापन झालेले दंतमहाविद्यालय बांबोळीस आहे. तेव्हा पेडणे-डिचोलीच्या पालकांनी देवापुढे गाऱ्हाणे अवश्य घालावे. परंतु पडलेल्या मुलाचे तोंड पुरते उघडते की नाही, हेही त्याच आठवड्यात तज्ज्ञास दाखवावे. नशिबावर सोडलेला सांधा काळाबरोबर अधिकच जखडत जातो.