कावसजीचं नाक आणि नंतरचे पंचवीस दिवस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या पनवेलच्या घरातून करावी लागेल.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीने स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. निर्णय तिचा, पैसे तिचे. घरी मात्र तिने ऑफिसचं ट्रेनिंग असल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे राहायला आली. मूळ बेत तर लॉजवर एकटीने राहायचा होता. का, विचारलं तर म्हणाली, "आईला कळलं तर म्हणेल, चारचौघांत नाक कापलंस." (हे सगळं तिला विचारूनच सांगतेय. हा भाग तिने आधी ऐकलाय.)

ते दिवस मी घरूनच काम करत होते. रात्री ती झोपली की मी प्लास्टिक सर्जरीचा इतिहास वाचत बसायचे. आणि वाचता वाचता खरोखरच कापलेलं एक नाक समोर आलं, तेही आपल्या पुण्याचं.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम आणि पेशवे मिळून टिपू सुलतानाशी लढत होते. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा माणूस बैल हाकायचा. नाव पारशी वाटतं, पण नोंदीत तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं स्पष्ट लिहिलंय. फौज म्हटली की आपल्याला तोफा दिसतात, त्या ओढणारे बैल आणि बैलांमागून चालणारी माणसं दिसत नाहीत. कावसजी त्यांतलाच एक. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला.

नाक कापायची शिक्षा नुसती दुखावं म्हणून नसते, ती लोकांना दिसावी म्हणून असते. हात नसलेल्या माणसाची लोक कीव करतात. नाक नसलेल्याकडे बघून लोक विचारतात, यानं केलं काय? मराठीत अब्रूला 'नाक' म्हणतात ते उगाच नाही.

साधारण वर्षभर तो तसाच होता. कंपनी त्याला पेन्शन देत होती. मग १७९३ मध्ये पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढंच लिहिलंय. पुढच्या लेखकांनी त्याला कुंभार म्हटलं. रुग्णाचं नाव आपल्याला माहीत आहे. पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं, क्रूसो आणि फिंडले, तीही माहीत आहेत. १७९४ च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, तोही माहीत आहे. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही.

तेव्हा पुण्यात सवाई माधवरावांची कारकीर्द होती, कारभार नाना फडणविसांच्या हातात होता आणि इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरायचं आणि बोरघाट चढायचा, हा नेहमीचा रस्ता. आज मी ज्या गावात बसून बोलतेय, तिथूनच ही माणसं आणि त्यांच्या बातम्या जा-ये करायच्या. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेवर एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त 'बी. एल.'

पत्रातली कृती अशी. आधी नाकाच्या जागी बसेल असं मेणाचं पातळ नाक करायचं. ते सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग तो तुकडा पिळा देऊन खाली वळवायचा आणि नाकाच्या कडांना केलेल्या खाचेत बसवायचा. आणि हे सगळं आजच्यासारख्या भुलीशिवाय! ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया होते हे बोस्टनच्या डॉक्टरांनी जाहीरपणे दाखवलं ते १८४६ मध्ये.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो पत्राचा पुढचा भाग. तिथे दिवसांचा हिशोब आहे. टाक्यांऐवजी कात वापरला, आपण पानाला लावतो तोच. पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर बसवल्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने पाठीवरच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

पंचवीसच का? तोपर्यंत नवं नाक त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर जगत असतं. खालच्या जागेतून नव्या रक्तवाहिन्या आत शिरायला वेळ लागतो. पट्टी लवकर कापली तर नाक काळं पडून जातं. आजही कपाळाच्या कातडीचं नाक करतात तेव्हा साधारण तीन आठवडे थांबतातच. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत भूल आली, प्रतिजैविकं आली, पण शरीराचं वेळापत्रक फारसं हललं नाही.

हे मी वाचत होते तेव्हा शेजारच्या खोलीत बहीण पाठीवरच झोपलेली होती, उशांचा चढ करून.

तिचं वेळापत्रक असं होतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड. वेदनेपेक्षा छातीवर कुणीतरी पट्टा आवळून बसल्यासारखा ताण, कारण तिचं इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली होतं. सूज, निळसर डाग, कुठे बधिर तर कुठे कापड लागलं तरी झोंबणारी त्वचा. दिवसरात्र सर्जिकल ब्रा. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. पण हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही, गोळ्या चालू असेपर्यंत गाडी चालवायची नाही. आठवड्याभराने लॅपटॉपवरचं काम जमलं. व्यायाम मात्र डॉक्टरांनी सहा आठवड्यांनंतरच सांगितला. पहिले काही आठवडे आकार वर चढलेला, ताठ आणि दोन्ही बाजूंना वेगळा दिसतो. तो खाली येऊन मऊ व्हायला काही महिने लागतात. चौथ्या दिवशी आरशासमोर उभी राहून ती रडली, "हे काय करून बसले मी?" असं बऱ्याच जणींना होतं, हे मला नंतर कळलं. आधी माहीत असतं तर तिला सांगता आलं असतं.

तिसऱ्या रात्री डावी बाजू जास्त फुगल्यासारखी वाटली. ती म्हणाली, सकाळी बघू. पण एकाच बाजूला अचानक वाढणारी सूज, ताप, पसरणारी लाली, टाक्यातून स्राव, पोटरीत दुखणं, धाप, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नसते. फोन केला, पावसात गाडी काढली. आत रक्तस्राव झालेला नव्हता. तासाभरात परत आलो. परतीच्या रस्त्यावर माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही लॉजवर एकटी असती तर सकाळपर्यंत थांबलीच असती.

त्यानंतर कावसजीचं पत्र मी पुन्हा वाचलं आणि त्यात काय नाहीये ते लक्षात आलं. त्या माणसाला एकच हात होता. तो पाच-सहा दिवस पाठीवर पडून होता. त्याला पाणी कुणी पाजलं? घास कुणी भरवला? तूप लावलेलं कापड कुणी बदललं? पत्रात एक अक्षर नाही. पण कुणीतरी केलंच असणार, त्याशिवाय पंचविसावा दिवस उजाडला नसता.

पुढची गोष्ट लवकर सांगते. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुण्याजवळची विद्या युरोपात 'भारतीय पद्धत' म्हणून पसरली. मग नाकावरून हे शास्त्र उरलेल्या शरीराकडे वळलं. १८९५ मध्ये जर्मनीत विन्सेन्झ चेर्नी याने एका बाईच्या पाठीतली चरबीची गाठ काढून तिच्या स्तनात बसवली, कारण तिथली एक गाठ काढल्याने खड्डा पडला होता. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो यांनी टिमी जीन लिंडसे हिला पहिलं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. तिला खरं तर कान नीट करून हवे होते.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंतिया कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं आणि चेहरे दुरुस्त करत. आजार बरा झाला तरी चेहऱ्यामुळे घर दारात उभं करत नाही, अशी ती माणसं. म्हणजे पुन्हा नाकच! याच अंतियांनी १९७० च्या दशकात आमच्या रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याला गावातल्या साध्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. रोजच्या आरोग्याचं बरंचसं ज्ञान डॉक्टरकडे अडकून न राहता घरात, शेजारात असायला हवं, असं ते मानत.

मला या सगळ्यातून एवढंच म्हणायचंय. शस्त्रक्रिया करावी की नाही यावर वाद घाला, हरकत नाही. पण ती लपवायला लावली की पहिला घाव पडतो तो नंतरच्या दिवसांवर. सर्जनचं काम दोन तासांत संपतं. उरलेलं काम कुणीतरी जवळचंच करतं, आणि त्याला ते माहीत असावं लागतं.

दहाव्या दिवशी बहिणीने स्वतःच मावशीला फोन केला. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "हात वर जात नाही म्हणतेस, मग केस कोण विंचरतंय तुझे?" माझं नाव कळल्यावर मलाही चार शब्द ऐकावे लागले, न सांगितल्याबद्दल. दुसऱ्या दिवशी ती पनवेल स्टँडवर उतरली, डबा घेऊन.

तुमच्यापैकी कुणी अशा शस्त्रक्रियेला जाणार असेल, तर आपल्या डॉक्टरांना पहिल्या पंचवीस दिवसांचा हिशोब आधीच विचारा आणि तो घरातल्या एका तरी माणसाच्या हातात द्या. भेटू पुढच्या भागात.