कच्चे मडके आणि देवाचे गाणे

आपल्या होटगी-सोलापूरच्या बाजूला मुलाच्या कानावर देवाधर्माची गोष्ट पडते ती बहुधा टाळमृदंगाच्या साथीने. तेरच्या गोरोबांची कथाच घ्या. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेका संताचे डोके थोपटून पाहिले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल लागला. विठ्ठलाच्या एवढ्या लाडक्या भक्ताचा हा अहंकार आपले कीर्तनकार झाकून ठेवीत नाहीत. का ठेवतील? विसोबा खेचरांकडे जाणारी वाट तिथूनच तर सुरू होते!

बायबलातल्या कथांनाही मराठीने फार पूर्वी गाण्याचा पोशाख चढविला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. लिपी रोमन, पण भाषा मराठी. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताची. नव्या धर्माची माणसे जुन्याच ओवीत देवाची गोष्ट ऐकू लागली.

त्याच कथा पुढे पडद्यावर आल्या. १९९८ साली अमेरिकेतील ड्रीमवर्क्स कंपनीने ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा रेखाटलेल्या चित्रांचा संगीत बोलपट काढला. नायक मोशे. त्यातल्या श्रद्धेवरच्या एका गाण्याला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. पण गंमत पाहा. मूळ ग्रंथात मोशे इकडेतिकडे पाहतो, कोणी नाही अशी खात्री करून घेतो, मिसरी माणसाला ठार मारतो आणि वाळूत पुरतो. बोलपटात त्याच्या धक्क्याने पहारेकरी उंचावरून पडून मरतो. म्हणजे खुनाचा अपघात झाला! मोशेला पश्चात्ताप होतो खरा. पण ज्याने हात मळविले त्यालाच देवाने हाक मारली, हे मूळ कथेतले आश्चर्य थोडे फिके पडते. पुढे खडकावर काठी मारण्याची आज्ञाबाह्य कृती त्याच्याकडून घडते आणि वचनदत्त देश त्याला डोंगरावरून नुसता पाहावा लागतो. बोलपट तिथवर जातच नाही.

त्याच कंपनीने २००० साली ‘जोसेफ : किंग ऑफ ड्रीम्स’ काढला. त्यात बापाच्या लाडाने शेफारलेला योसेफ मात्र चांगला उतरला आहे. अंगरखा मिरवतो, स्वप्ने सांगतो, भावांच्या मनातली जळजळ त्याला दिसतच नाही. देवावर भार टाकणारे त्याचे गाणे येते ते थेट तुरुंगात, ताठा उतरल्यावर. म्हणूनच ते खरे वाटते.

मूळ कथेत त्याहून मोठे वळण यहूदाचे आहे. योसेफाला विकून टाकू या, ही सूचना त्याचीच. पुढे धाकटा बन्यामीन चोरीच्या आळात सापडतो, तेव्हा ‘याच्याऐवजी मला गुलाम ठेवा’ म्हणून पुढे होतो तोही यहूदाच. आधीची सूचना गाळली, तर नंतरच्या त्यागाचे मोल कसे कळायचे?

मुलांपुढे थोरांचे दोष काढू नयेत, असे आपण घरी म्हणतो. हेतू चांगलाच असतो. पण स्वतःची चूक मनात घेऊन बसलेल्या पोराला निर्दोष पुरुषाची कथा काय धीर देणार? तो हात जोडील आणि दूर उभा राहील. मडके कच्चे होते, मग भाजले, हे ऐकले म्हणजे त्याला आपलीही आशा वाटते. ओवी असो, कीर्तन असो की पडद्यावरचे रंगीत चित्र, सांगणाऱ्याने तेवढा कच्चेपणा झाकू नये.