वाटीतलं मांजराचं जग : दूधभात ते पाऊच

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या मोबाईलच्या गॅलरीत स्वतःपेक्षा मांजराचे फोटो जास्त आहेत. आपण ॲपवरून मांजरासाठी वेट फूड मागवतो. पाऊचवर चकाकणारा मासा, फ्लेवर, ऑफर हे सगळं बघतो. पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही. ती ओळ तिथे यायला शेकडो वर्षं लागली, आणि तिची किंमत मांजरांनी मोजली. कुणी डोळ्यांनी, तर कुणी थेट हृदयानं. आज त्या ओळीचा इतिहास बघूया.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. आजीला विचारा, मांजराला काय घालायचात? उत्तर ठरलेलं असतं : दूधभात, नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी. आणि मांजर तर टुणटुणीत असायचं! मग हे पाऊचचं खूळ कशाला?

तर गंमत अशी, की ते मांजर दूधभातावर जगतच नव्हतं. दूधभात हा त्याचा नाश्ता. खरं जेवण धान्याच्या कोठीमागे, माळ्यावर आणि मासळीच्या टोपलीपाशी व्हायचं. उंदीर, पाली, चिमण्या, माशांची डोकी. मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, कोरड्या प्रदेशातला शिकारी. आपण धान्य साठवायला लागलो, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलंय, सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं. म्हणजे आपली दोस्ती जुनी आहे, पण त्या दोस्तीत जेवणाची सोय मांजर स्वतःच बघत होतं.

आता चला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला. तिथे गल्लोगल्ली एक फेरीवाला यायचा, त्याला म्हणायचे 'कॅट्स मीट मॅन'. नावावर जाऊ नका, तो मांजरांचं नाही, मांजरांसाठी मांस विकायचा. काम करून थकलेल्या, मेलेल्या घोड्यांचं मांस उकडून, तुकडे करून, काडीला टोचून. हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या फेरीवाल्यांचीही नोंद आहे. म्हणजे पैसे देऊन मांजराला विकतचं खायला घालणं हे काही इन्स्टाग्रामच्या पिढीचं फॅड नाही बरं का!

मग आला डबा. १९२२ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डमध्ये चॅपल बंधूंनी 'केन-एल रेशन' नावानं कुत्र्यांसाठी डबाबंद घोड्याचं मांस आणलं. मोटारी आणि ट्रॅक्टर आल्यामुळे घोडे बिनकामाचे झाले होते, त्यामुळे मांस स्वस्त होतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र टिनचा पत्रा सैन्याला हवा होता. जनावरांच्या खाण्याच्या डब्यांवर बंधनं आली आणि कंपन्या कोरड्या खाण्याकडे वळल्या.

मांजराचं नशीब खऱ्या अर्थानं बदललं ते १९४७ मध्ये, आणि तेही खाण्यामुळे नाही. एड लो नावाच्या अमेरिकन माणसानं मांजराच्या शीशूसाठी ओलावा शोषणारी दाणेदार माती विकायला सुरुवात केली. आजचं कॅट लिटर ते हेच. त्यामुळे मांजर चोवीस तास घरात ठेवणं सोपं झालं. आपल्याला वाटतं, किती सोयीचं! पण जरा मांजराच्या बाजूनं बघा. दार बंद झालं, तशी शिकारही बंद झाली. आता वाटीत जे पडेल तेच त्याचं सगळं जग. वाटीत काही कमी पडलं, तर ते भरून काढायला उंदीर नव्हता.

आणि कमी पडलंच. काय कमी पडलं, ते सांगतो.

१८२७ मध्ये टीडमन आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून एक पदार्थ वेगळा केला. लॅटिनमध्ये बैल म्हणजे टॉरस, म्हणून याचं नाव टॉरिन. माणूस ते आपल्या शरीरात बनवतो, कुत्राही सहसा बनवतो. मांजर मात्र पुरेसं बनवू शकत नाही. त्याला ते मांसातूनच घ्यावं लागतं. हजारो वर्षं रोज ताजी शिकार मिळत होती, मग शरीरानं ते बनवायचा खटाटोप का करावा?

१९७५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध छापला. ज्या मांजरांना प्रथिनं म्हणून फक्त केसिन दिलं होतं, त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होत गेले. कारण टॉरिनची कमतरता. आता केसिन म्हणजे काय? दुधातलं प्रथिन! आजीच्या दूधभाताची आठवण झाली ना? माळ्यावरच्या उंदरांनी त्या मांजरांचे डोळे वाचवले होते, असंच म्हणावं लागेल. हा आजार गुपचूप वाढतो. मांजर अंदाजानं घरात फिरत राहतं, आणि मालकाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गेलेली दृष्टी परत येत नाही.

त्याहून मोठा धक्का १९८७ मध्ये बसला. तेव्हा पाळीव मांजरं एका हृदयविकारानं मोठ्या संख्येनं मरत होती. हृदय फुग्यासारखं ताणलं जायचं, भिंती ढिल्या पडायच्या, रक्त ढकलायची ताकद संपायची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी अशा २१ मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी असल्याचं दाखवलं. त्यांनी टॉरिन खायला दिलं आणि हृदयाचं काम पुन्हा सुरळीत झालं! असाध्य समजला जाणारा आजार एका साध्या पूरक घटकानं मागे फिरत होता.

पण खरी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. ही मांजरं उपाशी नव्हती. ती नामांकित, विकतचं खाणं खात होती, आणि त्यातलं टॉरिन तेव्हाच्या शिफारशींत बसणारं होतं. म्हणजे कागदावर सगळं बरोबर, आणि मांजर मरतंय!

मग घोळ कुठे होता? डबा बंद करून तो प्रचंड तापवतात. त्या उष्णतेनं अन्नात असे बदल होतात, की मांजराच्या आतड्यातले जिवाणू जास्त टॉरिन फस्त करतात. म्हणून आज अमेरिकी मानकांत कोरड्या खाण्यात किमान ०.१ टक्का टॉरिन हवं, तर डब्यातल्या ओल्या खाण्यात ०.२ टक्के, म्हणजे दुप्पट. (दोन्ही आकडे पाणी वगळून.) कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि हा आजार झपाट्यानं कमी झाला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मांजरं आणि कुत्रे मूत्रपिंडं निकामी होऊन मरायला लागले. कोट्यवधी डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले गेले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन मिसळलं होतं. ते का? प्रथिनं मोजण्याची नेहमीची चाचणी खरं तर नायट्रोजन मोजते, आणि मेलामाईन नायट्रोजननं भरलेलं असतं. चाचणीला वाटलं प्रथिनं भरपूर! पुन्हा तेच : कागदावर उत्तम, वाटीत विष.

तर मंडळी, या इतिहासातून पाऊच निवडताना काय घ्यायचं?

पहिलं, ती बारीक ओळ शोधा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट' लिहिलं असेल, तर ते पूर्ण जेवण. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'सप्लिमेंटल' असेल, तर ते फक्त तोंडी लावणं. लोणच्यावर कुणी जगतं का? अनेक छान दिसणारे टूना-रस्स्याचे पाऊच याच प्रकारचे असतात.

दुसरं, वय बघा. पिल्लाला 'ग्रोथ' किंवा सर्व वयांसाठीचं खाणं लागतं.

तिसरं, टक्क्यांना फसू नका. ओल्या पाऊचवर प्रथिनं १० टक्के आणि कोरड्यावर ३२ टक्के दिसतात. पण पाऊचमध्ये ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत १० भाग प्रथिनं, म्हणजे सुमारे ४५ टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के धरलं, तर प्रथिनं साधारण ३६ टक्केच. आणि ते पाणी वाया जात नाही. मांजराला तहान कमी लागते, शिकारीतूनच पाणी मिळवायची त्याची जुनी सवय आहे.

चौथं, रिकॉलच्या बातम्यांवर लक्ष ठेवा, आणि मांजराला आधीच आजार असेल तर पाऊच पशुवैद्यांना विचारूनच निवडा.

दार आपण बंद केलंय. त्यामुळे माळ्यावरच्या उंदराचं काम आता आपल्याकडे आहे. आज घरातला पाऊच उलटा करा, ती ओळ वाचा आणि काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या मनीला आणि बोक्याला आमच्याकडून एक म्याँव!