दिडकी, टिंब आणि गोफर: पुणे विद्यापीठातील फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनाचा एक अध्याय

प्रवरेच्या काठचे बेलापूर हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील गाव पुणे, नाशिक व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. त्यामुळे श्रीरामपुरात, संगमनेरात किंवा नगरला जाऊन संगणकशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी प्रोग्रॅमिंगची पहिली अक्षरे कोणत्या भाषेत गिरवायची, हे पुण्यात ठरणाऱ्या अभ्यासक्रमावर अवलंबून राहिले आहे. दीर्घ काळ ती भाषा सी होती. याच विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९०च्या दशकात सीच्या या मक्तेदारीला केवळ टीकेने नव्हे, तर विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम घडवून घेतलेल्या एका भाषेने उत्तर दिले गेले, आणि महाराष्ट्रातील संगणकशिक्षणाच्या इतिहासात त्या प्रयत्नाची नोंद आजवर झाली आहे त्याहून ठळकपणे व्हायला हवी.

सीसारख्या भाषेत प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला एकामागून एक दिलेल्या आज्ञांची मालिका असते, आणि त्या आज्ञा स्मृतीतील कप्प्यांमध्ये ठेवलेली मूल्ये पुनःपुन्हा बदलत जातात. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ तिथे रोजच्या वापरातली आहे; परंतु शाळेत बीजगणित शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते एक अशक्य समीकरण असते, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. म्हणजे संगणकाच्या वर्गात पाऊल टाकताच त्याला बरोबरीच्या चिन्हाचा पूर्वी शिकलेला अर्थ विसरावा लागतो. फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही पद्धत हे विसरणे मागत नाही. तिच्यात प्रोग्रॅम फंक्शनांचा, म्हणजे मराठी गणितात ज्यांना ‘फल’ म्हणतात त्यांचा बनतो: एक मूल्य आत गेले की ठरलेले एक मूल्य बाहेर येते, त्याच मूल्याला दर वेळी तेच उत्तर मिळते, आणि एकदा दिलेल्या नावाचा अर्थ मध्येच बदलत नाही, त्यामुळे समीकरणाच्या जागी त्याच्या बरोबरीचे दुसरे पद ठेवून उत्तरापर्यंत जाता येते.

मराठी मुलखाला ही कल्पना सर्वस्वी परकी नव्हती. गावातल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात, आणि या प्रत्येक नावाचा नीट विचार केला तर ते एका फलाचे नाव आहे असे दिसते. सवायकीत सात घातले की पावणेनऊ मिळतात, दिडकीत पाच घातले की साडेसात मिळतात, आणि हे उत्तर सकाळी वा संध्याकाळी, बाजारात वा शाळेत, विचारणाऱ्यागणिक बदलत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे रुळली, तसे आणे, शेर आणि पायल्यांबरोबर हे पाढेही व्यवहारातून मागे पडले. पण मूल्य आणि त्यावरची क्रिया यांना वेगवेगळी नावे देण्याची, आणि क्रियेलाच एक वस्तू मानून तिचे नाव घेण्याची सवय त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लावली होती. ‘दिडकी’ म्हणताना कोणत्या संख्येची दीडपट हे सांगावे लागत नाही, आणि क्रियेचा असा स्वतंत्र उच्चार हाच फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा गाभा आहे.

आधुनिक गणितात या विचाराला काटेकोर रूप दिले ते अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात. फल घडवणे आणि ते मूल्याला लावणे एवढ्या दोनच क्रियांवर उभ्या असलेल्या त्यांच्या पद्धतीला ‘लॅम्डा कॅल्क्युलस’ म्हणतात. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प या भाषेचे काम सुरू केले, तर १९७७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना जॉन बॅकस यांनी, ज्यांनी स्वतःच फोर्ट्रान घडवली होती, आज्ञांच्या मालिकेवर उभ्या असलेल्या भाषांवर कठोर टीका करून फलांवर आधारलेल्या शैलीचा पुरस्कार केला. पुढे डेव्हिड टर्नर यांची मिरांडा १९८५ मध्ये आली, आणि या प्रकारच्या विखुरलेल्या भाषांऐवजी सर्वांची एक सामाईक भाषा असावी म्हणून १९८७ मध्ये एक समिती बसली, जिच्या कामातून १९९० मध्ये हॅस्केल ही भाषा प्रकाशित झाली. मात्र नुकतीच जन्मलेली हॅस्केल त्या काळच्या साध्या यंत्रांना जड जाई. मार्क जोन्स यांनी ऑक्सफर्डला १९९१ मध्ये तयार केलेली गोफर ही तिची आटोपशीर बहीण. डॉसवर चालणाऱ्या घरगुती संगणकावरही ती मावत असे, आणि लिहिलेल्या पदावलीचे उत्तर ती तिथल्या तिथे देत असे. मर्यादित साधनांच्या भारतीय प्रयोगशाळेला याहून सोयीचे काही मिळणे कठीण होते.

त्याच वर्षी, म्हणजे सप्टेंबर १९९१ मध्ये, पुणे विद्यापीठातील आर. पी. (रुस्तम) मोदी यांचा शिक्षणात आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत सीच्या वापराला विरोध करणारा लेख अमेरिकेतील एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या शिक्षणविषयक पत्रिकेत छापून आला. नोकरीच्या बाजारात जी भाषा चालते तीच वर्गात शिकवावी, या तेव्हाही आणि आजही प्रबळ असलेल्या समजुतीच्या विरुद्ध हा सूर होता. मोदी टीकेपाशी थांबले नाहीत. त्यांनी गोफर घेतली, वर्गात शिकवली, आणि शिकवण्याच्या सोयीसाठी तिच्या लेखनपद्धतीतच फेरफार केले. या बदललेल्या भाषेला ‘पुगोफर’, म्हणजे पुणे विद्यापीठाची गोफर, असे नाव मिळाले.

या फेरफारांपैकी एक जवळून पाहण्याजोगा आहे. गणितात फल मूल्याला लावताना कंस लिहितात. मूळ गोफरमध्ये, हॅस्केलप्रमाणेच, कंस गाळून दोघांमध्ये नुसती मोकळी जागा सोडली जाते. जाणत्याला ते लाघव वाटते, पण नवख्याच्या दृष्टीने या भाषेतील सर्वांत महत्त्वाची क्रियाच कागदावर अदृश्य होते. ‘फ ग क्ष’ असे लिहिलेले त्याला दिसले की, आधी ‘ग’ हे फल ‘क्ष’ला लावायचे आणि मग ‘फ’, असे तो सहज वाचतो. यंत्र मात्र आधी ‘फ’ हे ‘ग’ला लावते, आणि मग जी चूक निघते तिचा उगम कुठे आहे हे त्याला उमगत नाही. पुगोफरमध्ये या मोकळ्या जागी टिंब आले. एड्सखर डाइक्स्ट्रा हे डच संगणकशास्त्रज्ञ आपल्या लेखनात फल लावण्याच्या क्रियेला टिंबाचे चिन्ह देत असत, तीच रीत इथे प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उतरली. ‘दिडकी.५’ असे लिहिले की दिडकी हे फल पाचाला लावले आहे हे डोळ्यांना दिसते, ‘फ.ग.क्ष’ हे डावीकडून वाचायचे असते, आणि दुसरा अर्थ हवा असेल तर ‘फ.(ग.क्ष)’ असा कंस मुद्दाम घालावा लागतो. एका टिंबासाठी भाषेचा दुभाषा (प्रोग्रॅम वाचून चालवणारे सॉफ्टवेअर) उघडून बदलण्याचे कष्ट घेणे, यात अध्यापनाविषयीची जी आस्था आहे ती पाठ्यपुस्तकांच्या अनेक आवृत्त्यांत सापडत नाही.

अशा भाषेत विचार कसा चालतो, हे बेलापूरच्या शिवारातील उदाहरणाने स्पष्ट होईल. गळीत हंगामात एका शेतकऱ्याचा ऊस तीन खेपांत वजनकाट्यावर गेला आणि पावत्यांवर ८, ११ व ९ टन अशी वजने आली, तर सीमध्ये एकूण वजन काढण्यासाठी शून्याने भरलेला एक कप्पा घ्यावा लागतो, खेपा मोजणारा दुसरा कप्पा घ्यावा लागतो, आणि दोन्ही पायरीपायरीने बदलत न्यावे लागतात. टिंबाच्या लेखनात दोन समीकरणे पुरतात: ‘बेरीज.[ ] = ०’ आणि ‘बेरीज.(प : म) = प + बेरीज.म’. इथे ‘प’ म्हणजे यादीतील पहिली खेप आणि ‘म’ म्हणजे मागे उरलेली यादी. रिकाम्या यादीची बेरीज शून्य, आणि भरलेल्या यादीची बेरीज म्हणजे पहिली खेप अधिक मागच्यांची बेरीज. उत्तर काढताना समीकरणाची डावी बाजू उजवीने बदलत जायचे असते, म्हणून ८ + (११ + (९ + ०)) असे पद तयार होते आणि २८ टन हाती येतात. हीच पद्धत पुढे नेली तर क्रियाच दुसऱ्या क्रियेला देता येते: ‘मॅप’ हे फल एक क्रिया व एक यादी घेऊन यादीतील प्रत्येक मूल्यावर ती क्रिया करते, म्हणून ‘मॅप.दिडकी.[२, ४, ५]’ याचे उत्तर तीन, सहा आणि साडेसात यांची यादी असे येते. गोफर हे नावच मुळी ‘समीकरणांनी विचार करण्यास चांगली’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९९५ मध्ये गोफरमधूनच हग्ज ही हॅस्केलची सुटसुटीत आवृत्ती निघाली. पवईच्या आयआयटीत अमिताभ सन्याल यांच्या अध्यापनातून लिस्पच्या कुळातील स्कीम व रॅकेट या भाषा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या. ज्यांचे टिंब पुण्याने उचलले त्या डाइक्स्ट्रांना २००१ मध्ये आपल्याच टेक्सास विद्यापीठाला, पहिल्या वर्गातून हॅस्केल काढून जावा आणू नये, असे पत्र लिहावे लागले, आणि त्यांचे म्हणणे मानले गेले नाही. एसीएमच्या २००१च्या आदर्श अभ्यासक्रमात फंक्शनल प्रोग्रॅमिंग ऐच्छिक होते, ते २०१३च्या अभ्यासक्रमात आवश्यक भागात आले. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९च्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग भाषांच्या तत्त्वांवरील विषयात लिस्प आहे, परंतु शेवटच्या घटकात आणि तेही प्रोलॉगच्या जोडीने; इतक्या तुटपुंज्या वाट्यात विचाराची नवी सवय लागणे अवघड आहे.

ही कमतरता जावा आणि पायथन या भाषा वेगळ्या मार्गाने अंशतः भरून काढत आहेत. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे नाव न दिलेले फल, लिहिण्याची सोय झाली, आणि चर्च यांनी योजलेले ग्रीक अक्षराचे नाव अशा रीतीने तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले. जावातील अशा लॅम्डाच्या आत बाहेरच्या स्थानिक चलाची किंमत बदलता येत नाही; ‘क्ष = क्ष + १’ लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कंपायलर तिथेच अडवतो, आणि त्याने जे बीजगणित सीच्या पहिल्या तासाला बाजूला ठेवलेले असते त्याचीच आठवण पडद्यावरच्या एका चूकसंदेशातून त्याला करून दिली जाते.