मिरजेचे तांब्याचे पत्रे आणि स्वतःचा सर्व्हर

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. सुरुवात दोनशेवीस वर्षांपूर्वीच्या मिरजेत होते आणि शेवट तुमच्या भ्रमणध्वनीतील चित्रफितींपाशी.

१८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. खिळे जुळवून नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. कल्पना मूळची पुण्याची, नाना फडणविसांची. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या वास्तव्यामुळे पुण्यातील कारागिरांचा विलायती चित्रकलेशी व कोरीवकामाशी परिचय झाला होता. गीता हाताने नकलून घेण्याऐवजी ती तांब्यावर कोरून छापावी, असे नानांच्या मनात आले. काम सिद्धीस जाण्यापूर्वीच, १८०० च्या मार्चमध्ये, नाना निवर्तले. कारागिराचा आश्रय तुटला. त्याला तो पुन्हा मिळाला मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांकडे. (याच गंगाधररावांशी बिनसल्यामुळे पुतणे चिंतामणराव मिरज सोडून गेले आणि सांगलीचे संस्थान उभे राहिले. घरात फूट पडत असताना चुलते गीता छापवून घेत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

सातशे श्लोक, तेही उलट्या अक्षरांत कोरायचे. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, पत्रा पुसून घ्यायचा, मग कागद दाबायचा. एक अक्षर चुकले तर खिळा उपसून दुसरा बसवण्याची सोय नाही. पत्राच ठोकून, घासून पुन्हा कोरावा लागे. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापले गेले. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होते. कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, म्हणून त्यांनी यंत्र परक्या हद्दीत नेऊन मांडले. यंत्र कोठे ठेवले आहे आणि ते कोणाच्या मर्जीवर चालते, हा प्रश्न आपल्याकडील मुद्रणाला अशा रीतीने जन्मापासूनच चिकटलेला आहे.

आता शंभर वर्षे पुढे, पण त्याच परिसरात येऊ. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरान दिले आणि कर्जही दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. नांगराच्या या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. आरंभी तिच्यात कारखान्याच्या मालाची माहिती आणि वाडीच्या वार्ता असत. आजच्या भाषेत एखाद्या कंपनीचे पानच म्हणा. पण छापखाना घरचा होता. काय छापावे हे मुंबई-पुण्याच्या कोणा मालकाला विचारावे लागत नव्हते, आणि त्यामुळे पत्रिका वाढत गेली. तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच वाडीतून सुरू झाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’ने छापले, ‘स्त्री’ने घटस्फोट, शिक्षण, नोकरी हे विषय माजघरात नेले. जाहिरातपत्रिकेपासून इथपर्यंतचा प्रवास दहा वर्षांचा आहे आणि तो एका संस्थानी माळरानावर घडला. मला स्वतःला यात नांगरापेक्षा छापखाना मोठा वाटतो. कारखान्याच्या अभिमान्यांनी क्षमा करावी.

हे आज का सांगतो आहे? आमच्या गडभ्रमंती गटाची चार वर्षांची ध्वनिचित्रे एका मोठ्या मंचावर होती. एके सकाळी खाते बंद. कारण कळले नाही, दाद कोणाकडे मागावी तेही कळले नाही. चूक आमचीच होती: मूळ फिती पुसून टाकून आम्ही दुसऱ्याच्या छापखान्यातील प्रतीवर विसंबलो होतो.

यावर उत्तर म्हणून गेल्या दशकात काही मुक्तस्रोत प्रणाली उभ्या राहिल्या आहेत. मुक्तस्रोत म्हणजे जिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी अशी. ती आपल्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत जालाशी जोडलेल्या संगणकावर, बसवायची. मग मंच आपला, नियम आपले. जीएनयू प्रकल्पातील ‘मीडियागॉब्लिन’ २०११ पासूनचे. चित्रफितींसाठी आज अधिक प्रचलित आहे ते ‘पीअरट्यूब’. फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ या ना-नफा संस्थेने त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे वैशिष्ट्य असे की एका गावातील सर्व्हर दुसऱ्या गावातील सर्व्हरशी बोलू शकतो. छापखाने वेगवेगळे, टपाल एकच. या टपालाचा नियम म्हणजे ‘ॲक्टिव्हिटीपब’. जानेवारी २०१८ मध्ये त्याला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. शिवाय एखादी फीत पुष्कळ जण एकाच वेळी पाहू लागले, तर पाहणारे आपापसांतच तिचे तुकडे वाटून घेतात आणि लहान सर्व्हरवरचा भार हलका होतो.

त्यातील नव्या सोयी पाहताना मला राहून राहून मिरजेचा तो कारागीर आठवतो. नोव्हेंबर २०२३ च्या सहाव्या आवृत्तीत, प्रसिद्ध केलेली फीत दुवा न बदलता दुरुस्त करून पुन्हा चढवता येऊ लागली. शिलालेखाचे वाचन चुकले, सनावळी चुकली, तर पत्रा फेकावा लागत नाही. त्याच आवृत्तीत फितीला परवलीचा शब्द लावण्याची आणि तिचे प्रकरणवार भाग पाडण्याची सोय आली. तीन तासांच्या व्याख्यानातील नेमकी मोडी कागदपत्रांची दहा मिनिटे शोधणाऱ्यास तिचे मोल कळेल.

२०२४ मध्ये आणखी दोन गोष्टी आल्या. पहिली, आपले सगळे खाते, फितींसह, उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. नानांच्या पश्चात कारागीर मिरजेस गेला तो कला हातात होती म्हणून. आपल्याला निदान तेवढी मुभा असावी. दुसरी, बोललेल्या शब्दांचे आपोआप लेखन. मराठीत ते जसेच्या तसे प्रसिद्ध करू नये, विशेषनामांवर एकदा डोळ्याखालून हात फिरवावाच. पण कोऱ्या कागदापासून आरंभ करण्यापेक्षा ते बरे.

याचा उपयोग कोठे? मिरजेतच पाहा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. सतारी-तंबोरे घडवणाऱ्या या गावात दोन-तीन पिढ्यांनी ती ऐकली. अशा सभांची ध्वनिमुद्रणे कोणाच्या कपाटात कॅसेटवर, कोणाच्या फोनमध्ये, तर काही परक्या मंचांवर पडून राहतात. साताऱ्याकडे, कुंडलच्या पंचक्रोशीत, प्रतिसरकारच्या काळातील माणसांच्या मुलाखती नातवंडांनी घेऊन ठेवल्या असतील, तर त्यांनाही तोच धोका.

अडचणही सांगतो. स्वतःचा छापखाना म्हणजे स्वतःचे बिल. चित्रफितींना जागा फार लागते, सर्व्हरचे भाडे दरमहा येते, आणि मोठ्या मंचावरचा वाचक आपोआप आपल्या दारी येत नाही. पंतप्रतिनिधींचे कर्ज आणि कारखान्याचे पाठबळ नसते तर ‘स्त्री’ वाडीत जन्मली नसती. पुढे ही मासिके पुण्यास गेली. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे वेगळे मासिक काढले. घरचा छापखाना घराच्या दैवाशी बांधलेला असतो.

म्हणून आमच्या गटाने आता दोन नियम केले आहेत. सर्व्हरचे काम किमान दोघांना आलेच पाहिजे, मिरजेसारखे एकाच कारागिरावर अवलंबून राहायचे नाही. आणि मूळ फितींची एक प्रत जिल्ह्याबाहेर. सांगलीची साताऱ्यात, साताऱ्याची सांगलीत. कोणाला अशी अदलाबदल करायची असेल तर खाली कळवा.